खिशातलं खिळ्याला

४ जानेवारी, रविवार

उजवा हात आखडतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आजी, रोज चार ओळी लिहीत जा. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे काही लिहिलं ते इस्त्रीच्या दुकानात, गाठोड्यांवर गिऱ्हाइकांची आडनावं. त्या म्हणाल्या, मग आडनावं सोडून बाकीचं लिहा. म्हणून ह्या वहीत कुणाचंच नाव येणार नाही.

वही नातीने दिली. तिची जुनी. पुढची पानं गणिताने नासलेली, मागची कोरी.

घरात आम्ही चार. माझा मुलगा फरशीच्या कंपनीत हिशेब बघतो. मी त्याला मनातल्या मनात साहेब म्हणते, कारण घरी आल्यावर टाय सुटतो, साहेबपणा सुटत नाही. सून लग्नाआधी बेकरीत केकवर फुलं काढायची. आता घरी असते. हाताला चव आहे, तोंडाला जीभ नाही. माझी दोघींना पुरते म्हणून चाललंय. आणि नात, पंधरा वर्षांची. जन्मली तेव्हा असं किंचाळली की मी टिटवी म्हटलं. तेच चिकटलं.

आज साहेबांनी टिटवीला बँकेचं कार्ड दिलं. निळं, पातळ. वर तिचं नाव उठावाने. जेवणाच्या टेबलावर भाषण झालं. "पैसा हाताळायला आत्ताच शिकलं पाहिजे. दर महिन्याला ह्यात ठरावीक रक्कम येईल. तुझ्या मनाने खर्च कर. चुका कर, पण स्वतःच्या कर."

मग कळलं की कार्ड कुठेही घासलं की साहेबांच्या फोनवर टिंग वाजतं. कुठलं दुकान, किती पैसे, सगळं.

मी विचारलं, "चुका तिच्या आणि टिंग तुझं होय?"

"आई, ह्याला देखरेख म्हणतात."

सून सूप वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "मलाही एक काढून द्याल?"

तो हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला हसतात तसा. "तुला कशाला? मी आहे ना."

तिने माझी वाटी भरली. काठोकाठ भरली, सांडली. 

११ जानेवारी

आज पहिली वाचणी. जेवण झाल्यावर साहेबांनी फोन काढला आणि आठवडाभराची यादी वाचली. प्रत्येकापुढे विचारायचं, आवश्यक की अनावश्यक? आणि टिटवीने उत्तर द्यायचं. डिंक, आवश्यक. केसांची क्लिप. "अनावश्यक," टिटवी म्हणाली. खारे दाणे.

"दाण्यांचा पण पंचनामा?" मी म्हटलं.

"आई, तू मध्ये नको."

नंतर सुनेने रोजच्यासारख्या दुकानांच्या पावत्या आणि उरलेली मोड त्याच्या ताटाशेजारी ठेवली. लग्न झाल्यापासून ठेवते. तिची यादी कुणी वाचत नाही. तिच्यात अनावश्यक काही सापडेल तर ना.

१९ जानेवारी

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे साहेब मला पाकिटात घालून देतात. आज टिटवी येऊन बसली, पाय चेपायला लागली. मी लगेच ओळखलं, काहीतरी हवंय.

"आजी, गोळ्या मी आणते ना. कार्डाने."

"आण की. आणि पाकीट?"

"पाकीट मला दे."

म्हणजे बापाच्या फोनवर वाजणार टिंग, औषधाचं दुकान. आणि नोटा हिच्या हातात, त्यांना टिंग नाही. मी विचारलं, कशाला हव्यात? म्हणाली, असंच. मी दिल्या. आपल्याच लेकाला थोडं बनवायची मजा मी बऱ्याच दिवसांत केली नव्हती.

औषधवाला तिला म्हणाला म्हणे, आजीची बरी काळजी घेतेस. टिटवी खाली मान घालून उभी राहिली. नाटकी आहे. ही पण माझीच.

२५ जानेवारी

वाचणीत गोळ्यांची ओळ आली आणि साहेबांनी फोनच खाली ठेवला. "स्वतःच्या पैशातून आजीची औषधं आणलीस?" त्याने लगेच कार्डात वर पैसे टाकले. कचेरीत सगळ्यांना सांगणार आहे.

मी आणि टिटवीने एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मेलो असतो.

२७ जानेवारी

घरातले कपडे अजून मीच धुते. मशीन धुतं म्हणा, पण मशीनला डाग कळत नाहीत. सुनेच्या कोटाच्या बाहीवर आज अंड्याच्या पांढऱ्याचा डाग होता. तो थंड पाण्याने काढायचा. गरम घातलं की कापडातच शिजतो, मग जन्मभर तिथेच. तिच्या केसांनाही हल्ली साखरेचा वास येतो. दुपारी चालायला जाते म्हणते, पाठ दुखते म्हणून. वाटेत बसून केक हाणत असेल. हाणू दे. त्या बिचारीला दुसरी मजा काय.

मी घड्या घालत होते तेव्हा येऊन उभी राहिली. "आई, तुमच्या दुकानाच्या गल्ल्याची किल्ली कुणाकडे असायची?"

"माझ्याकडे. आणखी कुणाकडे असणार?"

"मामंजी मागायचे नाहीत?"

"एकदा मागितली. मी म्हटलं, गरम इस्त्री हातात आहे, थांबा जरा. पुन्हा मागितली नाही."

हसली. ती हसली की तोंडावर हात ठेवते. मग विचारलं, "दुकान का विकलंत?"

आता हिला काय सांगू? गुडघे गेले म्हणून विकलं. पैसे साहेबांच्या खात्यात ठेवले, कारण तो म्हणाला, आई, तुला कशाला डोक्याला ताप, मी आहे ना.

५ फेब्रुवारी

टिटवी नोटा जमवते. गोळ्यांच्या तर जमवतेच, शिवाय शाळेच्या उपाहारगृहात मैत्रिणींचं खाणं कार्डाने भरते आणि त्यांच्याकडून रोख घेते. हे तिनेच सांगितलं, फुशारकीने. बापाला वाटतं पोर एकटीच चार सँडविच खाते, हल्ली ती जाड होतेय का ते बघतो.

पण खर्च कुठे करते? मी खिसे बघते सगळ्यांचे. सवय आहे. खिसा तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही, दुकान असंच चालवलं. टिटवीच्या खिशात ओठाला लावायचं काही नाही, सिनेमाचं तिकीट नाही, चॉकलेटचा कागद नाही. पंधरा वर्षांच्या पोरीचे खिसे इतके स्वच्छ? म्हणजे भानगड आहे. कुठल्यातरी टोणग्याला पोसते आहे. टोणगे गोड बोलतात आणि पोरीच्या पैशाने बूट घेतात. मी दुकानात बसून अशा किती बघितल्या. रडत यायच्या आणि त्याचेच शर्ट इस्त्रीला टाकायच्या.

बापाला सांगू? नको. तो यादी वाचेल.

१३ फेब्रुवारी

सरळ विचारलं. "कोण आहे गं तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी जमवतेस."

ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरले. "आजी, तुला खरंच काही दिसत नाही का?"

"मोतीबिंदू काढलाय माझा. सगळं दिसतं."

"मग राहू दे," म्हणाली.

१७ फेब्रुवारी

आज किल्ली सापडली. टिटवीच्या शाळेच्या जाकिटाच्या आतल्या खिशात. पितळी, नवी घासलेली, दोऱ्याला कागदी चिठ्ठी. चिठ्ठीवर नुसतं 'वरची खोली'.

 गोष्ट खोलीपर्यंत गेली तर.

दुकानात माझा नियम होता, खिशातलं खिळ्याला. खिशात काही सापडलं की कागदी पिशवीत घालायचं आणि दाराजवळच्या खिळ्याला लावायचं. ज्याचं त्याने काढून न्यायचं, रिकामी पिशवी घडी घालून परत खिळ्याला. त्याने काही सांगायचं नाही, आम्ही काही विचारायचं नाही. अंगठ्या लावल्या, पत्रं लावली, एकदा कुणाचे दात लावले. ह्या घरात आल्यावर मी दोन खिळे ठोकून घेतले, एक मशीनजवळ, एक बाहेरच्या दाराशी.

मशीनजवळचा बायकांचा. बाहेरच्या दाराशी साहेब कोट टांगतात.

किल्ली मी बाहेरच्या खिळ्याला लावली. पिशवीत न घालता. खरं लिहायचं तर, बापाने बघावं म्हणूनच लावली. एकदा दचकली की सुधारेल.

१८ फेब्रुवारी

लिहिते. हात आज जास्तच आखडलाय.

काल साहेब आले, कोट टांगायला गेले, किल्ली घेऊनच स्वयंपाकघरात आले. "ही कुणाची?"

"टिटवीच्या जाकिटात होती," मी म्हटलं. "नियमाने खिळ्याला लावली."

टिटवी पांढरी पडली. मी मनात म्हटलं, बरी सापडली.

"वरची खोली. कुणाची खोली?" त्याने विचारलं. पोरगी ताटं मांडायला लागली. "मी काहीतरी विचारतोय."

सून बटाटे सोलत होती. साल न तोडता सोलते ती, एका लांब पट्टीत. ती साल तुटली.

"माझी आहे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही काय माझी आहे. किल्ली? मग तिने सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं. बेकरीच्या वर एक खोली आहे. दुपारी ती खाली केकवर फुलं काढते, महिना झाला. खोलीची अनामत रोख भरायची होती, ती भरली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून राहायला जाणार. "मी आणि ही," म्हणाली. टोणगा वगैरे कुणी नव्हताच.

"माझ्याच पैशाने?" साहेब म्हणाले.

"नाही बाबा," टिटवी म्हणाली. "तुमच्याच शिकवणीने. बचत आवश्यक, तुम्हीच सांगितलंत."

तो ओरडला नाही. तो ओरडत नाही. ओरडला असता तर मला लाटणं तरी उचलता आलं असतं. त्याने किल्ली खिशात घातली आणि जेवायला बसला. म्हणाला, "मीठ कमी आहे."

मी माझ्या ताटात बघत होते. अंड्याचा डाग. साखरेचा वास. सगळे डाग मी ओळखले आणि एकाचंही घर ओळखलं नाही.

२२ फेब्रुवारी

साहेब काल बेकरीत जाऊन आले. किल्ली दिली, अनामत परत आणली, पाकिटात. सुनेचं कामही गेलं. मी विचारलं, काय सांगितलंस त्या मालकिणीला?

"काही नाही. एवढंच की हिची मनःस्थिती ठीक नसते. बाई समजूतदार आहे, म्हणाली मला लफडं नको."

"आणि तुझी मनःस्थिती?"

"आई, मी घर सांभाळतोय."

टिटवीचं कार्ड काढून घेतलं. तिचा माझ्याशी अबोला आहे. आज मी मशीनजवळ होते, ती गणवेश टाकायला आली. तिने आधी स्वतःचे खिसे उलटे करून मला दाखवले. मग म्हणाली, "किल्ली मला द्यायचीस आजी. मला."

"अगं, नियमच होता—"

"नियम दुकानाचा होता. दुकान विकलंस तू."

खिसे तसेच उलटे ठेवून गेली. मी ते आत घातले आणि कपडे पाण्यात टाकले.

१ मार्च

आज ह्या दोघी गेल्या असत्या. सकाळी सुनेने अंडी उकडली, बूट पुसले, साहेबांचा डबा भरला. मी म्हटलं, "तू एकटी का जात नाहीस? तुला कोण अडवतंय?"

"एकटी गेले तर तिला ठेवून घेतील," ती म्हणाली. "दोघींना जायला पैसे लागतात आई. तिची शाळा संपू दे." असं म्हणून डब्याचं झाकण लावलं. शाळा संपायला तीन वर्षं आहेत.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर निळं कार्ड. वर टिटवीचं नाव, उठावाने. "आई, इथून पुढे घरातलं सामान आणि औषधं तू आण. ह्यांच्या हातात आता पैसा देता येत नाही. ह्या घरात खरं वागणारी तू एकटी."

असं कौतुक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

"गोळ्यांचं पाकीट?" मी विचारलं.

"आता पाकीट कशाला? कार्ड आहे ना."

कार्डाचा गुप्त आकडा त्याने कानात सांगितला. त्याच्या जन्माचं साल. पोरीच्या कार्डाला बापाच्या जन्माचं साल. ते मी कशाला विसरेन? त्या वर्षी दुकानात ह्याला टेबलाखाली टोपलीत निजवून मी वर इस्त्री फिरवायचे. सगळा उबेत वाढला. एवढा थंडपणा कुठून उचलला कोण जाणे.

९ मार्च

कार्डातून नोटा काढायच्या यंत्राकडे गेले तर त्याचंही टिंग वाजणार. टिटवीची युक्ती आठवली. किराणा दुकानात रांगेत उभी राहिले आणि पुढच्या बाईला म्हटलं, "तुमचं सामान मी कार्डाने भरते, नोटा मला द्या." तिने पर्स छातीशी धरली. तिच्या मागची म्हणाली, "आजी, घरचं कुणी बरोबर आहे का?" गल्ल्यावरच्या पोरीने मालकाला हाक मारली. आयुष्यात मी कुणाच्या खिशातली टाचणी घेतली नाही, आणि आज सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

शेवटी एक हमाल होता, ब्रेड आणि दाढीचा साबण घेऊन. तो म्हणाला, भरा आजी. मी भरले, त्याने नोट दिली, वर विचारलं, "मुलं सांभाळत नाहीत का?"

"सांभाळतात," मी म्हटलं. "म्हणून तर."

१३ मार्च

हमाल रोज त्याच वेळी येतो. आता तो मित्रांनाही सांगतो, त्या आजीकडे द्या. माझी गिऱ्हाइकं जमली. जमलेल्या नोटा आज मी सुनेच्या ॲप्रनच्या खिशात ठेवल्या. काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठे आहे.

१४ मार्च

नोटा कागदी पिशवीत, मशीनजवळच्या खिळ्याला. तिने माझाच नियम मला लावला. खिशात सापडलं, आपलं नाही, खिळ्याला.

मी त्या तिथेच राहू दिल्या. माझ्याही नाहीत.

१५ मार्च

टिटवीच्या खुर्चीत आता मी बसते. पाठीला उशी घेऊन. साहेबांनी फोन काढला. "आई, ह्या आठवड्यात ब्रेड सहा वेळा?"

"भूक लागते."

"दाढीचा साबण?"

"मिशा येतात ह्या वयात."

टिटवीच्या ओठाचा कोपरा हलला. तिने पटकन पाण्याचा पेला तोंडाला लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

"आवश्यक की अनावश्यक, आई?"

सत्तरी उलटल्यावर, ज्याचे लंगोट धुतले त्याला मी सांगितलं, अनावश्यक. त्याने मान हलवली आणि पुढची ओळ घेतली. पिशवी खिळ्यालाच होती. साहेब मशीनजवळ जात नाहीत. त्यांचे कपडे आपोआप स्वच्छ होतात.

२० मार्च

पिशवीत आणखी नोटा घातल्या. तशीच आहे. सून कपडे टाकायला येते, पिशवीखालून हात घालून साबण घेते. पिशवी हलत नाही. पुन्हा कुणाकडे खोली मागायची, पुन्हा माझ्यावर भरवसा टाकायचा, आणि मी पुन्हा कुठला खिळा निवडेन, हे तिने का म्हणून बघत बसावं?

२७ मार्च

हमालाचं काम दुसरीकडे लागलं. आज कुणी नोट दिली नाही. मालक म्हणाला, आजी, रांगेत लोकांना त्रास देऊ नका, नाहीतर मुलाला फोन करावा लागेल. नंबर मागत होता. मी म्हटलं, पाठ नाही. जन्माचं साल पाठ आहे, ते देऊ का?

पाय ओढत घरी आले. ह्यापुढे काय करायचं ते सुचत नाही.

२८ मार्च

साहेब सकाळीच कंपनीच्या कामाने बाहेरगावी गेले. टिटवी शाळेत, सून गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मी कपडे घेऊन मशीनजवळ गेले.

पिशवी खिळ्याला होती. पण चपटी. काढून बघितली. रिकामी, आणि मधोमध घडी घातलेली, बोट फिरवून कडक केलेली. दुकानात गिऱ्हाइकं ठेवायची तशी.

सून खाली आली. मी कपड्यांचे खिसे बघत होते. ती बघत उभी राहिली. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. तिच्या कोटाच्या बाहीवर अंड्याच्या पांढऱ्याचा डाग होता, ताजा. मी नळ थंड पाण्याकडे फिरवला आणि कोट मागायला हात पुढे केला. तिने खिसे आधी स्वतः रिकामे केले, पाठ माझ्याकडे करून. मग कोट दिला.

बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

टिटवी अजून बोलत नाही. पिशवी मी परत त्याच खिळ्याला लावली, मशीनजवळच्या. बाहेरच्या दाराशी जाऊन दुसरा खिळा उपटून टाकला. हात आखडलाय, वेळ लागला. साहेब उद्या आले की कोट कुठे टांगायचा ते त्यांचं ते बघतील.